फौजी कायमचे घरी येताहेत, आता?

प्रिय गुरुजी,

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. नऊ वर्षं ज्यांच्यावर जीव लावलात, ते हवालदार पुढच्या महिन्यात पेन्शनवर सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतताहेत. त्यांच्या आईने त्यांच्यासाठी मुलगी बघून ठेवली आहे, ते म्हणतात ‘घर तुझ्या नावावर करतो’, आणि हे नातं कळलं तर आपली नोकरी जाईल या धास्तीने तुमची झोप उडाली आहे.

कायद्याचं आधी उरकू. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोन सज्ञान पुरुषांचे राजीखुशीचे खाजगी संबंध गुन्हा नाहीत. 1 जुलै 2024 ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या 377 सारखं कलमच उरलेलं नाही. हवालदारांचं मात्र थोडं वेगळं आहे. नोकरीत असतानाच्या वागण्याबद्दल आर्मी ॲक्टखाली सुटल्यानंतरही तीन वर्षांच्या आत खटला सुरू होऊ शकतो. म्हणून त्या काळातले फोटो, चॅट कुणाच्या हाती पडू देऊ नका, आणि पलटणीतल्या निरोपाच्या जेवणात मन मोकळं करायचा मोह त्यांनी आवरावा. कुणी धमकावून पैसे मागितलेच तर एक रुपयाही देऊ नका. एकदा दिलेत की मागणी थांबत नाही. स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि न्याय संहितेच्या कलम 308 खाली, म्हणजे खंडणीची, तक्रार करा.

आता घर. बक्षीसपत्र, म्हणजे घर भेट म्हणून नावावर करण्याचा दस्त, करू नका! नवरा-बायको किंवा मुलांच्या नावे राहतं घर करताना मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं. कायद्याच्या लेखी तुम्ही परके, म्हणून तुम्हाला पूर्ण शुल्क, आणि वर 50,000 रुपयांपुढच्या भेटीवर तुम्हालाच आयकर. वडिलोपार्जित घर असेल तर भाऊबंद कोर्टात ओढणार ते निराळंच. त्यापेक्षा सातारा-कराडकडे फ्लॅट बघा आणि पहिल्या दिवसापासून खरेदीखतात दोघांची नावं, ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा हिस्सा आकड्यात लिहून घाला. शेतजमिनीच्या मागे लागू नका. तुमच्या नावे सातबारा नसेल तर ती घेताच येणार नाही.

मग दोघांनीही मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे कराच. सोबत डॉक्टरचा दाखला जोडा, कारण पुढे पुतण्या हेच म्हणणार की काका शुद्धीवर नव्हते. बँकेत नुसतं नॉमिनी लावून भागत नाही. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण मालकी वारसांचीच राहते. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आडकाठी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये केला आहे, तेव्हा घरखर्चासाठी तसं खातं उघडा. पेन्शनचं खातं त्यांच्या एकट्याचंच असू द्या. फॅमिली पेन्शन तुम्हाला मिळणार नाही, बदलीत पती-पत्नी एकत्रीकरणाची, म्हणजे जोडीदाराजवळ नेमणुकीची, सवलतही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला, त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ हाच.

कागदांपेक्षा आम्हाला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. जवानाला वर्षाला दोन महिने वार्षिक रजा आणि महिनाभर कॅज्युअल मिळते. सगळी तुमच्याच वाट्याला आली असं धरलं तरी नऊ वर्षांत सव्वादोन वर्षं! प्रत्यक्षात त्यातली बरीचशी जत्रा, लग्नं आणि पेरणीत गेली असणार. रोजचा संसार तुम्ही दोघांनी केलेलाच नाही. पहाटे पाचला उठून सगळं जागच्या जागी लावणारा माणूस आता दिवसभर रिकामा असेल, आणि तुम्ही शाळेतून दमून याल तेव्हा त्याला बोलायचं असेल. पहिले सहा महिने एकत्र राहायला जाऊ नका. त्यांनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माजी सैनिकाचं ओळखपत्र काढावं, मग नोकरी शोधावी. राज्याच्या वर्ग तीनच्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के राखीव जागा असतात. त्यांना झोप लागेना, चिडचिड वाढली, तर 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं.

राहिली ती मुलगी. ‘आईसाठी लग्न करतो, आपलं चालूच राहील’ असं ते म्हणाले तर गुरुजी, तुम्ही ठाम नाही म्हणा. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. आईला खरं कारण आत्ताच सांगायची सक्ती नाही, पण स्थळाला नकार त्यांनी स्वतः, सुपारी फुटायच्या आत कळवायला हवा. मुलीत खोट काढून नव्हे. ‘मला लग्नच करायचं नाही’ एवढंच सांगावं.