कोंबडीच्या तळव्याला काळी खपली आलीय, ब्लेडने कापून गाठ काढू का?

नका कापू. निदान आज तरी नका.

तुम्ही लिहिलंय की कोंबडी लंगडते, तळव्याच्या मधोमध काळी गोल खपली आहे, भोवती थोडी सूज आहे, पण खाणंपिणं व्यवस्थित चालू आहे. तिची अंडी खायची का, हेही विचारलंय. वर्णनावरून हा बंबलफूटच. तळव्याला बारीक जखम होते, तिथून जंतू आत शिरतात (बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस), वर खपली धरते आणि आत पू साठतो. आणि हो, ब्लेडने गोल चिरून गाठ उपटायचा सल्ला देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर थोडं तिकडे झुकेल.

त्यांचं म्हणणं असं, की गाठ आत आहे तोवर पाय बरा होणार नाही. अर्धं खरं आहे. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होत नाही. तो घट्ट, पिवळट, कोरडा गोळा बनतो. म्हणून फोड दाबून काही निघत नाही, दाबलं तर संसर्ग आणखी आत ढकलला जातो. पण पुढचं ते सांगत नाहीत. बोटं मिटवणारे स्नायुबंध तळव्याच्या गादीच्या लगेच वरून जातात. भूल दिलेली नसते, पक्षी धडपडत असतो, पहिल्या चिरेतच रक्त येतं आणि कुठे गाठ, कुठे चांगलं मांस काही दिसत नाही. स्नायुबंध कापला गेला तर बोट कायमचं वाकडं. वर ती उघडी जखम घेऊन कोंबडी परत विष्ठेतच चालणार. लहान खपलीसाठी एवढा धोका पत्करायचं कारणच नाही. ती मऊ करून, बऱ्याच वेळा, सुरीशिवाय निघते.

हातमोजे घाला, हे जंतू माणसाच्या जखमेतही जातात. कोंबडी टॉवेलमध्ये गुंडाळा, पण छाती आवळू नका. पक्षी छातीचं हाड हलवून श्वास घेतो, घट्ट धरलं तर गुदमरतो. कोपराला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात लिटरला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे) घालून पाय १५ मिनिटं बुडवून ठेवा. खरं काम कोमट पाणी करतं, मिठाचं कौतुक जास्त झालंय. तिला ते पाणी पिऊ देऊ नका, जुलाब होतील. नंतर पाय टिपून कोरडा करा आणि खपलीची कड अंगठ्याने हलवून पाहा. सुटत असेल तर बोथट चिमट्याने उचला, त्याबरोबर कधी गोळाही येतो. सुटत नसेल तर ओढू नका, उद्या पुन्हा शेकायचं. ताजं रक्त दिसलं की थांबायचं, हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ.

जखम पोव्हिडोन आयोडीनने धुवा, पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका. फेस छान येतो, पण भरून येणारी नवी त्वचाही त्यात जळते.

बहुतेकांचं खरं बिघडतं ते पट्टी बांधताना. जखमेवर मलमाचा पातळ थर, त्यावर घडी केलेलं गॉज. चिकटपट्टी नको, स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी घ्या आणि उभी कापून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रुंद करा. अख्खी रुंद पट्टी बोटांच्या मधून जातच नाही. तळव्यावरून सुरुवात, मग एकेका बोटाच्या फटीतून वर घेऊन पुन्हा खाली, शेवटी पायाच्या नळीला दोन वेढे. पट्टी ताणून बांधू नका, ती मागाहून आवळत जाते. तासाभराने बोटांची टोकं चाचपा. थंड किंवा सुजलेली लागली तर लगेच सोडा. एरवी रोज बदला, ओली झाली की ताबडतोब. पहिल्या दिवशी कोंबडी पाय झटकत विचित्र चालेल, त्याने घाबरू नका. जुनी सूज उतरायला आठवडे लागतात.

आणि पाण्यात प्रतिजैविक घालून मोकळं होण्याचा जो दुसरा उद्योग चालतो, तोही सोडा. गोळ्याच्या आत रक्तपुरवठा नसतो, तिथे औषध पोहोचतच नाही. अंड्यात मात्र उतरतं. इथेच तुमच्या अंड्यांच्या प्रश्नाचं उत्तर: नुसतं शेकणं, आयोडीन आणि पट्टी चालू असेल तर खा, तोंडावाटे किंवा टोचून औषध दिलं असेल तर पशुवैद्य सांगेल तितके दिवस टाकून द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. पाय सुजला की सगळे औषध विचारतात, दांडी कोणी मोजत नाही. खुराड्यातली बसायची दांडी किती उंच आहे? अंगाने जड कोंबडी रोज पहाटे मीटरभरावरून टणक जमिनीवर उडी मारत असेल, तर पाय बरा करून महिन्याभरात पुन्हा तेच. दांडी ४५ सेंटीमीटरच्या आसपास आणा किंवा खाली पायरी द्या. रुंदी ४ ते ५ सेंटीमीटर, कडा कानशीने गोल केलेल्या, एकही कुसळ नको. बारीक सळई किंवा गुळगुळीत पाइप नको. तळव्याखाली जाळी तर अजिबात नको. भुशाचा थर ८-१० सेंटीमीटर ठेवा आणि मूठभर दाबून पाहा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर भुसा ओला आहे, बदला. ओल्या भुशात तळवा भिजून सोलतो. कोंबडी लठ्ठ असेल तर दाणे कमी करा. नुसत्या पांढऱ्या धान्यावर असेल तर अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि कातडी कमजोर होते. तयार संतुलित खाद्य द्या.

तळवा ठीक पण नळीवरचे खवले उचललेले, चुनखडीसारखे जाड दिसत असतील, तर ते खवल्यांखालच्या किडीचं काम. कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने सुटी खपली काढा, मग पेट्रोलियम जेली जाडसर चोपडा, आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. एकाच कोंबडीला लावून उपयोग नाही, सगळ्यांना लावा. रॉकेल किंवा डिझेल लावणाऱ्यांचं ऐकू नका, त्याने कातडी भाजते.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. हे सगळं सूज तळव्यापुरती असेल तरच. सूज बोटांच्या मधून वर आलेली दिसली, घोटा गरम लागला, कोंबडी बसूनच राहिली किंवा चाऱ्याकडे बघेना, तर संसर्ग सांध्यात किंवा हाडात गेलेला असू शकतो. मग कापायचं असेल तर पशुवैद्यानेच, भूल देऊन. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्यांचे घोटे आणि तळवे खपलीशिवाय सुजले, तर तो बंबलफूट नाही, मायकोप्लाझ्मासारखा पसरणारा आजार असू शकतो. त्यांना वेगळं ठेवा आणि तपासून घ्या. एक पाय पुढे नि एक मागे पसरून पडली असेल, तर पायाला काही करूच नका, मॅरेक्सची (नसांवर हल्ला करणाऱ्या विषाणूजन्य आजाराची) शंका घ्या.