काडतुसातील दारू आणि हवामान : नेमबाजांचे प्रश्न

प्रश्न : मे महिन्यात कोल्हापुरात साइट (नेम धरण्याचे साधन) लावलेल्या माझ्या पॉइंट टू टू (.२२ इंच कॅलिबरच्या) रायफलच्या गोळ्या डिसेंबरात दिल्लीच्या सकाळच्या सत्रात खाली लागल्या. रायफल तीच आणि काडतुसांचा लॉटही तोच होता. फरक कशामुळे पडला? (राजारामपुरी)

उत्तर : दारूच्या तापमानामुळे. दारूचा प्रत्येक कण पेटण्यासाठी आधी ठरावीक तापमानापर्यंत तापावा लागतो. कण मुळातच गार असेल तर त्याला अधिक उष्णता लागते, ज्वलन मंदावते, चेंबरमधील (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीतील) दाब कमी राहतो आणि गोळी नळीतून थोड्या कमी वेगाने बाहेर पडते. पॉइंट टू टूच्या स्पर्धेच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर असतो. तो अवघा तीन मीटरने घटला, तरी ५० मीटरवर गोळी अंदाजे अडीच मिलिमीटर खाली जाते. आपल्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ज्या ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात जागतिक सुवर्णपदक मिळवले, त्याच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हे लक्षात घेतले की अडीच मिलिमीटरची किंमत कळते. शिवाय थंडीत शिशाच्या गोळीवरील वंगण घट्ट होते आणि नळीतील घर्षण बदलते. नळीच्या कंपनांमुळे प्रत्येक रायफलमध्ये हा परिणाम थोडा वेगळा दिसतो, म्हणून दुसऱ्याच्या क्लिकची (साइट सरकवण्याच्या टप्प्यांची) संख्या उसनी घेऊ नये. स्पर्धेच्या गावी आदल्या दिवशी, शक्यतो त्याच वेळेला, सराव करून साइट नव्याने तपासावी.

प्रश्न : परवानाधारक मित्राने ३०० मीटरसाठी थ्री नॉट एटची (.३०८ कॅलिबरची) काडतुसे जानेवारीत स्वतः दारू घालून भरली. तेव्हा ती उत्तम चालली. एप्रिलच्या दुपारी मात्र बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडताना जड जाऊ लागला. गोळ्या अजूनही नीट लागतात, मग चालू ठेवावे का? (इचलकरंजी)

उत्तर : नाही, ती काडतुसे तत्काळ बाजूला ठेवावीत. बोल्ट जड होणे, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातील टोपी) चपटा होणे आणि पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटणे ही दाब वाढल्याची लक्षणे आहेत, आणि गोळ्या नीट लागत आहेत यावरून दाब सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

जानेवारीच्या सकाळी १५ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३७ अंश, असा बावीस अंशांचा फरक धरू. नेहमीच्या अनेक दारूंमध्ये दर अंशाला वेग सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरने वाढतो, काहींमध्ये याहून बराच अधिक. म्हणजे वेग अकरा मीटरने वाढला आणि ३०० मीटरवर गोळी सुमारे दोन सेंटिमीटर वर लागली. तेथील दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असल्यामुळे गुणफलकावर काही जाणवत नाही. परंतु वेगातील वाढ एकदीड टक्का असताना दाबातील वाढ त्याच्या कितीतरी पट असू शकते. हिवाळ्यात कमाल मर्यादेला टेकलेले दारूचे माप उन्हाळ्यात ती मर्यादा ओलांडते, म्हणून आपल्या हवेत माप नेहमी उन्हाळा धरून ठरवावे, हे माझे ठाम मत आहे. उत्पादकाच्या तक्त्यातील किमान मापापासून पुन्हा सुरुवात करावी.

ऑस्ट्रेलियात तयार होणाऱ्या व्हार्गेट किंवा एच ४३५० यांसारख्या दारू तापमानाला कमी दाद देतात. त्या उपयुक्त आहेत. तथापि त्यांचे हे स्थैर्य काडतूस, प्रायमर आणि मापाप्रमाणे कमीजास्त होते, आणि त्यामुळे मर्यादा ओलांडण्याची मुभा मिळत नाही. दुहेरी पायाच्या, म्हणजे नायट्रोसेल्युलोजबरोबर नायट्रोग्लिसरीन असलेल्या, गोल दाण्यांच्या दारू सहसा अधिक संवेदनशील असतात. काडतुसे तयार करण्यासाठीही शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. केवळ रायफलचा परवाना पुरेसा मानू नये.

प्रश्न : वारा थांबण्याची वाट पाहताना काडतूस चेंबरमध्येच राहते. त्याने बिघडते का? (कागल)

उत्तर : मोठ्या काडतुसांच्या बाबतीत निश्चित बिघडते. दहा-पंधरा गोळ्यांनंतर चेंबर तापलेले असते, पितळेची पुंगळी ती उष्णता झटपट आत नेते आणि काही मिनिटांत दारू बाहेरच्या हवेपेक्षा खूप गरम होते. अशी गोळी वर लागली की नेमबाज स्वतःच्या श्वासाला किंवा ट्रिगरला दोष देतो. झाडायची तयारी झाल्यावरच काडतूस आत घालावे. पॉइंट टू टूमध्ये नळी फारशी तापत नसल्याने चिंता कमी असते.

प्रश्न : उन्हाळ्यात हवा विरळ होते म्हणून गोळी वर जाते, की दारूमुळे? (गडहिंग्लज)

उत्तर : दोन्हींमुळे, आणि दोन्ही परिणाम एकाच दिशेचे असतात. हवा १५ वरून ३५ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. ५० मीटरवर याचा प्रभाव अल्प, ३०० मीटरवर लक्षणीय असतो. मात्र हवेचे तापमान आणि दारूचे तापमान एकच समजू नये. सावलीत ३५ अंश असताना उन्हात ठेवलेला काडतुसांचा डबा त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्यामुळे डबा सावलीत, पांढऱ्या कापडाखाली ठेवावा.

प्रश्न : पावसाळ्यात दारू व काडतुसे फ्रीजमध्ये ठेवावीत का? (राधानगरी)

उत्तर : ठेवू नयेत. बाहेर काढताच दमट हवेतील पाणी त्यांच्यावर साचते. दारू ओलावा शोषते व सोडते. ओलसर झाली तर मंद जळते, वाजवीपेक्षा कोरडी झाली तर वेगाने जळते आणि दाब वाढतो. म्हणून ती मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलपात आणि घरातील सर्वांत कमी तापणाऱ्या खोलीत ठेवावी. पत्र्याखालचा माळा आणि गाडीची डिकी या दोन्ही जागा वर्ज्य आहेत.