मुंबईत अनेक वर्षे बंद पडून असलेल्या पीडीपी-११ या जुन्या मिनीकॉम्प्युटरला थेट वीज जोडावी का?

नाही, आधी सर्व कार्डे (सर्किट बोर्ड) बाहेर काढून केवळ पॉवर सप्लाय तपासावा, आणि यंत्र ११५ व्होल्टसाठी जोडलेले नाही याची खात्री करून घ्यावी. दीर्घकाळ वापरात नसलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील ऑक्साइडचा थर क्षीण होतो, त्यामुळे पूर्ण विद्युतदाब मिळताच ते तापून फुटू शकतात. शिवाय व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बिघडलेला असल्यास ५ व्होल्टच्या वाहिनीवर ७ व्होल्टची कमाल मर्यादा ओलांडली जाऊन यंत्रातील टीटीएल प्रकारच्या लॉजिक चिप क्षणात निकामी होतात, आणि मग सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पालथा घालण्याची वेळ येते. डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दाब हळूहळू वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तो स्विचिंग पद्धतीच्या सप्लायला लागू नाही. तेथे कपॅसिटर काढून, रेझिस्टर जोडून, वेगळ्या सप्लायवर हळूहळू दाब देऊन त्यांचा ऑक्साइडचा थर पूर्ववत करावा आणि नंतर कृत्रिम भार लावून व्होल्टेज मोजावे. पावसाळी दमटपणाने काळवंडलेले कार्डांचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. आरके०५ डिस्क ड्राइव्ह सर्वांत शेवटी घ्यावा, कारण त्यातील जीर्ण फोमचा भुगा डिस्कवर गेल्यास हेड आणि जुने सॉफ्टवेअर दोन्ही गमवावे लागते. तोवर सिमएच या एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सातवी आवृत्ती चालवता येईल. तिचा मूळ कोड कॅल्डेरा कंपनीने २००२ मध्ये खुल्या परवान्याखाली दिला आहे.