आठ आणि नऊ वर्षांच्या भावंडांना घरी मराठी लेखन एकत्र शिकवावं की वेगवेगळं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊची, मुलगा आठचा, दोघंही शाळेत जात नाहीत आणि धाकटा ताईच्या वहीत बघून उतरवतो. दोघांना एकच विषय द्यावा का, अभ्यासक्रम कुठला घ्यावा आणि इंग्रजी लेखन कधी सुरू करावं, असं विचारलंय. पहिल्याचं उत्तर लगेच देते: नाही. एकाच टेबलावर, एकाच वेळी, एकच विषय चुकूनही देऊ नका. बाकीच्या दोन प्रश्नांपर्यंत पोचेन की नाही सांगता येत नाही, कारण हा पहिला प्रश्न मला चांगलाच झोंबलाय.

माझ्या दोघांत पंधरा महिन्यांचं अंतर आहे. आता तेरा आणि बारा. सांगतेय ते झालं तेव्हा थोरली साडेनऊची होती, धाकटा सव्वाआठचा. गौरी-गणपतीला माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. मुलं घरी ठेवली हे त्यांना कधीच पटलेलं नव्हतं. गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "आण त्यांच्या वह्या, बघू काय शिकवतेस." विषय दिला 'पावसाळ्यातील एक दिवस', वेळ अर्धा तास. मी अडवायला हवं होतं. पण मलाही मनातून दाखवायचंच होतं की बघा, येतंय त्यांना.

थोरलीने दीड पान खरडलं. सृष्टीने हिरवा शालू नेसला, बळीराजा सुखावला, चातकाची तहान भागली. आमच्या खिडकीतून सृष्टी दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. धाकट्याच्या सहा ओळी झाल्या, त्याही तिच्याच. तिने 'बेडुक' लिहिलं होतं, यानेही 'बेडुक'. तिने एके ठिकाणी 'पाणि' लिहून, खोडून पुढे 'पाणी' केलं होतं. याने 'पाणि' लिहिलं, खोडलं आणि पुढे 'पाणी' लिहिलं. खाडाखोडसुद्धा उतरवली होती पठ्ठ्याने.

मला हसू येत होतं. नणंदबाईंनी लाल पेन काढलं. तिला दहापैकी आठ, याला दोन, "आणि हे दोन कागद चुरगाळला नाही म्हणून." मग सगळ्यांसमोर, "बघ जरा ताईचं, शीक काहीतरी."

त्यानंतर संक्रांत उलटून गेली तरी पोराने एक ओळ लिहिली नाही. गणितं करायचा, चित्रं काढायचा, वाचायचाही भरपूर. लिहायला कागद दिला की उजव्या कोपऱ्यात तारीख टाकायचा आणि बसून राहायचा.

नणंदबाईंशी फोनवर माझं वाजलं ते यावरून. त्यांचं म्हणणं, "चाळीस-चाळीस पोरांना एका फळ्यावर शिकवलं मी, तुला दोन झेपेनात? तुलना झाली की ईर्षा होते, ईर्षेनेच पोरं पुढे जातात." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, म्हणून इथे लिहिते. चाळिसांच्या वर्गात विसावा नंबर असतो, सत्ताविसावा असतो, लपायला जागा असते. घरात दोनच मुलं असली की एक पहिला नंबर आणि एक शेवटचा, मधे कुणी नाही. आणि शेवटच्या नंबरवाल्याला रात्री पहिल्या नंबरच्या शेजारीच झोपायचं असतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी बहीण माझ्याहून दीड वर्षाने मोठी, शाळेत एक इयत्ता पुढे. तिची पुस्तकं मला यायची तशा निबंधाच्या वह्याही आल्या. मी तीन वर्षं तिचे निबंध जसेच्या तसे उतरवले, बाईंनाही कळलं नाही. स्वतःचा एकही निबंध न लिहिता मी दहावी पास झालेय. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काही लिहिलं ते पतसंस्थेत नोकरीला लागल्यावर. कॅशमध्ये तीनशे चाळीस रुपये कमी भरले आणि साहेबांनी लेखी खुलासा मागितला. चार वेळा फाडून पाचव्यांदा जमला. तिथे सृष्टीचा हिरवा शालू काय कामाचा? कुणाला किती दिले, कधी दिले, कुठे चुकलं असेल, एवढंच.

तर पुढचं. माझे सासरे आमच्याकडेच असतात. ते धाकट्याचे कोरे कागद बरेच दिवस बघत होते. एकदा त्यांनी त्याला चांगदेवाची गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीत असणारच: चौदाशे वर्षांचा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यातच अडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. नमस्कार लिहावा, तर पोरं. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, एवढं जगून कोराच राहिला. (तीही चौघंच भावंडं, दोन-दोन वर्षांच्या अंतराची, आणि शाळेत कुणी घेतलं नसतंच. पण हे नणंदबाईंना सांगायची सोय नाही.) धाकट्याने विचारलं, "मग चांगदेव नापास?" सासरे म्हणाले, "छे, त्याला उत्तर आलं की. पासष्ट ओव्यांचं."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी सात महिने कोरे कागद परत घेत होते, उत्तर एकालाही दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने तारीख टाकून कागद सोडल्यावर खाली मी लिहिलं, पतसंस्थेच्या भाषेत: "आपला कोरा अर्ज मिळाला. सायकलबाबत काही तक्रार असल्यास लेखी द्यावी. तोंडी तक्रारींचा विचार केला जाणार नाही." सायकलवरून दोघांत दोन दिवस धुसफूस चालू होती, आणि दर दहा मिनिटांनी एक जण स्वयंपाकघरात येऊन दुसऱ्याचं गाऱ्हाणं सांगत होता, मला माहीत होतं.

संध्याकाळी अर्ज आला. "ताईने माझी सायकल घेतली. सीट वर केली. परत खाली केली नाही. मी पडलो." स्वतःची चार वाक्यं, सात महिन्यांनी. मी शाबासकी दिली नाही. शेरा मारून परत पाठवला: किती वाजता? कुठे? कुणी पाहिलं? तिसऱ्या खेपेला अर्धं पान भरलं. त्यातलं एक वाक्य मी अजून विसरले नाही: "आजोबा तिथेच होते पण ते पेपर वाचत होते म्हणून त्यांनी पाहिलं नाही."

मग थोरलीकडून खुलासा मागवला. आला, दीड पान. "सायकल हे मानवाचे अत्यंत उपयुक्त वाहन आहे" इथून सुरुवात, पर्यावरण, आरोग्य, शेवटी "म्हणून सर्वांनी सायकल वापरावी". सीटचं नाव नाही. मी लिहिलं, "मूळ मुद्द्याचा खुलासा नाही, सबब परत." ती रडली. आजवर तिचं लेखन कुणी परत केलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की शिकवायची गरज तिला जास्त होती. धाकटा महिन्याभरात रुळावर आला. तिच्या डोक्यातून शालू आणि बळीराजा काढायला वर्ष गेलं. छान लिहिणाऱ्या मुलांकडे आपलं लक्ष जात नाही, तुमच्याही मुलीची वही नीट बघा.

तर नक्कल थांबवायचा उपाय हाच. एक विषय देऊ नका, एक भांडण द्या. तक्रार एकाची, खुलासा दुसऱ्याचा. मग धाकटा ताईचा कागद वाचतोच, उलट दोनदा वाचतो, पण खोडून काढायला. विरोधकाच्या अर्जाची नक्कल करून कुणाचा फायदा होणार? आमच्याकडे पिठाचा जुना डबा अर्जांसाठी ठेवलाय. रविवारी उघडते. भांडण नसेल त्या आठवड्यात मागण्या येतात: मांजर पाळणेबाबत, भेंडीची भाजी बंद करणेबाबत.

शुद्धलेखन यातूनच, आठवड्याला एक नियम. १९६२च्या नियमांतला उपान्त्याचा, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, नियम शिकवायला तक्रारअर्जाइतकं चांगलं साधन नाही, कारण 'माझी बहीण' आणि 'माझ्या बहिणीने' दर दुसऱ्या ओळीत येतं. बहीण दीर्घ, प्रत्यय लागला की बहिणीने ऱ्हस्व. तसंच मूल-मुलाला, फूल-फुलाला. 'बेडुक' त्याच आठवड्यात 'बेडूक' झाला. बाकीच्या चुकांवर त्या आठवड्यात बोट ठेवायचं नाही. आणि आठव्या वर्षी डोकं पुढे पळतं, हात मागे राहतो, म्हणून लांब मजकूर त्याने सांगावा, तुम्ही लिहून घ्यावा. त्याला लेखनच म्हणतात.

अभ्यासक्रमाचं विचाराल तर बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, वाचायला वापरा. त्यातले स्वाध्याय दोघांकडून सोडवून घेत बसू नका. पुढे मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करणार असाल तर किमान वय चौदा लागतं आणि मराठी विषय घेता येतो. निबंधाचा साचा तेव्हा दोन-तीन महिन्यांत बसवता येईल, आमचंही आता तेच सुरू होईल.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. बघून उतरवणारं मूल नेहमी आळशी किंवा घाबरलेलंच असतं असं नाही. अक्षरं उलटीसुलटी होत असतील, वाचताना ओळ सुटत असेल, तोंडी छान सांगून कागदावर काहीच उतरत नसेल, तर आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या, डबाबिबा नंतर. आमच्या घरात दिवसभर दोन मोठी माणसं असतात, हेही धरून चाला. एकटीने हे सगळं करायचं तर मला जमलं नसतं. आणि काही मुलांना भांडण कागदावर आणलेलं सहन होत नाही, ती आणखी मिटतात. तसं दिसलं तर ताबडतोब बंद करा.

नणंदबाईंना अगदीच चूक ठरवणं बरोबर नाही. धाकट्याचं अक्षर सुधारलं ते त्यांच्यामुळे. पुढच्या मे महिन्यात त्यांनी दुरेघी वही आणून रोज पाच ओळी गिरवून घेतल्या, माझ्याकडे तेवढी चिकाटी नव्हती. पण मार्कांचं मी अजूनही मानत नाही. गेल्या गणपतीत अर्जांची फाइल मागून घेतली त्यांनी. चष्मा लावला, लाल पेन काढलं, टोपण न काढता पाच-सहा अर्ज वाचले. मग धाकट्याला हाक मारून विचारलं, "मग त्या सीटचं शेवटी काय ठरलं?"

इंग्रजीचं नवऱ्याकडे आहे. आमच्यात त्यावरून वेगळंच भांडण आहे, ते इथे नको.