साताऱ्यात राहून थीम पार्कचा वार्षिक पास पुन्हा काढावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: राहायला साताऱ्यात, खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कचे चौघांचे वार्षिक पास मार्चमध्ये संपतायत. आत्ता पुन्हा काढले तर सूट आहे. एका पासची किंमत साधारण तीन दिवसांच्या तिकिटांएवढी, आणि वर्षात तुमच्या चकराही तीनच झाल्या. मुलगी नववीत, मुलगा नऊ वर्षांचा. मुलांचा हट्ट आहे, तुमचं मन होत नाही.

मार्चमध्ये काढू नका. खरं तर एक अख्खं वर्ष सोडा. आमच्या घरी हा प्रकार दोन वर्षं झालाय, आणि चूक कुठं झाली ते कळायला मला तिसरं वर्ष लागलं.

पहिल्या वर्षी आमच्या पाच चकरा झाल्या. पास फिटला, वर दोन दिवस फुकट. मी चार बायकांना सांगितलं, घ्या म्हणून. दुसऱ्या वर्षी डोळे झाकून पुन्हा काढले आणि कशाबशा दोन चकरा झाल्या. माणसं तीच, गाडी तीच, मुलांचा उत्साहही तोच. फरक एवढाच पडला होता की मधल्या काळात माझी नणंद वाकडचं घर सोडून बेंगळुरूला गेली.

पहिल्या वर्षी आम्ही शनिवारी दुपारी निवांत निघायचो, रात्री वन्संकडं जेवायचो, गप्पा मारायचो आणि सकाळी आठला तिथून बाहेर पडायचो. किवळ्याला एक्सप्रेसवे लागला की सव्वा तासात गेटवर. संध्याकाळी परत वाकड, भाकरी-पिठलं, आणि जमलं तर सोमवारी पहाटे सातारा. ती गेल्यावर तेवढंच अंतर एका दिवसात जाऊन-येऊन करायची वेळ आली. वाढे फाट्यापासून धरलं तरी एका बाजूचं पावणेदोनशे किलोमीटरच्या वर होतं. पहाटे पाचला उठायचं, आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर इथवर सगळं झकास चालतं. मग नवले पूल. तिथून वारजे, चांदणी चौक, वाकड हा पट्टा ज्या दिवशी सरळ पार होईल तो दिवस आपला. परत येताना हीच उलटी वरात, आणि तेव्हा परतीच्या बाजूला खंबाटकीला बोगदा नव्हता, घाट चढायचा, पुढं ट्रकची रांग. मागच्या सीटवर दोन मुलं एकमेकांवर मान टाकून झोपलेली.

थोडक्यात, आमचा पास पार्कच्या गेटवर फिटत नव्हता, नणंदेच्या घरावर फिटत होता. हे माझ्या लक्षात आलं नाही, नवऱ्याच्या तर त्याहून नाही. म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हा, की वाकड, पिंपरी, तळेगाव या बाजूला हक्कानं पथारी टाकावी असं कुणाचं घर आहे का? असेल तर पुढचं सगळं वाचताना त्यातला निम्मा कडूपणा वजा करा.

आता पैशाचं. पास काढला की माणसाला वाटतं, पुढची चकर फुकट. फुकट फक्त गेट. जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर धरा, आमची गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे पंचवीस लिटर, आणि पेट्रोल शंभरच्या वर. अडीच हजार तिथंच गेले. त्यावर दोन्हीकडचा टोल. त्यावर आतलं खाणं, कारण घरची पोळीभाजी बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. सगळं धरून चौघांची 'फुकट' चकर आम्हाला साडेचार-पाच हजारांना पडायची. तुमचा खर्च थोडा इकडंतिकडं होईल. पण तिसऱ्या चकरेनंतर पुढच्या सगळ्या फुकट, हे गणित फक्त पनवेल-लोणावळ्याच्या माणसानं मांडायचं असतं.

त्या माणसाचा खरा फायदा तर आणखी वेगळा असतो. त्याला हवं तेव्हा परत येता येतं. रविवारी अकराला गेला, दोन राइड झाल्या, गर्दी वाढली, तो सरळ घरी आला, काहीच बिघडलं नाही. मुलानं कुरकुर केली, पुढच्या आठवड्यात पुन्हा. वार्षिक पास म्हणून जी काही चैन आहे ती हीच. साताऱ्याच्या माणसाला ती मिळत नाही. चार तास गाडी हाणून आलेला माणूस दोन राइडवर परत फिरतो होय? तो दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत आत राहतो, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. म्हणजे पास असूनही तो एक दिवसाचं तिकीट काढलेल्या माणसासारखाच वागतो.

कॉलेजात असताना मी पुण्यात खानावळ लावली होती. महिन्याचे पैसे आधी भरायचे. पण खाडा आदल्या दिवशी सांगितला तर तो पुढच्या महिन्यात वळता व्हायचा, आणि सलग चार दिवस गावी गेलं की काकू स्वतःच वहीत लिहायच्या. थीम पार्कच्या पासाला खाडे वळते होत नाहीत. म्हणून पास काढताना किती वेळा जाऊ हे मोजू नका, ते मोजताना माणूस खोटं बोलतो. खाडे मोजा.

आमचे सांगते. जून ते सप्टेंबर पाऊस. मोठ्या राइड उघड्यावर असतात, विजा कडाडायला लागल्या की त्या थांबवाव्याच लागतात, त्यात कुणाची चूक नाही. आमची दुसऱ्या वर्षीची पहिली चकर ऑगस्टमधली. पास पडून आहे, जाऊया, या एकाच कारणासाठी गेलो होतो. दिवसभरात तीन राइड झाल्या, बाकी वेळ पत्र्याखाली उभं राहून मका खाल्ला. मका काय, तो यवतेश्वरच्या वाटेवर घरापासून पंधरा मिनिटांवर मिळतो, आणि तिथून खाली अख्खं सातारा दिसतं. मग गणपती. सहामाही परीक्षा. दिवाळीची सुट्टी असते, पण दिवाळीचा आठवडा, नाताळ, एकतीस डिसेंबर असल्या दिवसांना बऱ्याच पासांवर बंदी असते, ते बारीक अक्षरातलं आधी वाचा. थंडीत लग्नसराई. माझं माहेर वाईजवळच्या बावधनचं, त्यामुळे रंगपंचमीला बगाडाची जत्रा सोडून आम्ही कुठं गेलो तर आई घरात घेणार नाही. एप्रिलभर वार्षिक परीक्षा. उरला मे, आणि मेमध्ये तिथं आपल्यासारखे सगळेच असतात. बावन्न रविवारांतून आम्हाला अकरा सापडले, त्यातलेही पाच कुणाच्या ना कुणाच्या तापात, वास्तुशांतीत किंवा नवऱ्याच्या ओव्हरटाइममध्ये गेले.

पास ही वस्तूच वाईट असं मात्र मी म्हणत नाही. नवरा शिरवळला कंपनीत आहे, रोज आनेवाडी ओलांडतो. १५ ऑगस्ट २०२५ ला फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे टोलनाक्याची एक ओलांडणी तेव्हा पंधरा रुपयांना पडली. जाऊन-येऊन दोन फेऱ्या, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे चार महिन्यांत पास संपतो आणि तो पुन्हा काढतो. तिथं वर्षाचा प्रश्नच येत नाही, फेऱ्याच आधी संपतात. पास घ्यावा तर असा, जिथं खाडे पडत नाहीत. (तुम्ही तो घेतला असेल तर आणखी एक सांगून ठेवते. तो राष्ट्रीय महामार्गावर चालतो. आनेवाडी आणि खेड शिवापूर त्यात बसतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडं आहे, तिथं नेहमीसारखा टोल कापला जातो. आमच्या ह्यांनी पास आहे म्हणून फास्टॅगमध्ये पैसेच ठेवले नव्हते.)

आता तुमच्या मुलांकडं येते, कारण तुमचा निर्णय माझ्या मते त्यांच्यावरच ठरतो.

धाकट्याची उंची किती? हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि ते फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच मोठ्या रोलर कोस्टरना १४० सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते. नऊ वर्षांचं पोर बहुधा १३०-१३५ च्या घरात असतं. मग होतं काय, मोठी वरच्या राइडच्या रांगेत, धाकटा खाली रडवेला, आणि आई-बापांपैकी एक जण कायम त्याच्यासोबत बाकड्यावर. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत. धाकटा १३६ वर असताना आम्ही दुसरा पास काढला, आणि पास संपून तीन महिने झाल्यावर तो १४० ला पोचला. तेव्हा त्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मोठी जूनमध्ये दहावीला जाणार. तुम्ही म्हणाल, एखादा रविवार काढू की. निघत नाही. क्लासवाले मेमध्येच सुरू करतात, रविवारी चाचणी ठेवतात, आणि बोर्डाची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते. चौघांपैकी एक जण नाही म्हटल्यावर तिघांनी जायचं का यावरून घरात जे होतं ते वेगळंच. मार्चमध्ये पास काढलात तर मार्च-एप्रिल परीक्षेत, मे अर्धा क्लासमध्ये, आणि पुढचे नऊ महिने दहावीत जातील. सूट कितीही असो, ती रिकाम्या वर्षावरची सूट आहे.

त्याऐवजी मी असं करीन. मेच्या पहिल्या आठवड्यात, क्लास सुरू व्हायच्या आत, एक दिवसाची साधी तिकिटं. मंगळवार किंवा बुधवार. तिकीट आधी ऑनलाइन पाहा, आडवारी आणि आगाऊ काढलेलं बरेचदा स्वस्त पडतं. पहाटेची दगदग नको, आदल्या रात्री पिंपरी-चिंचवडकडं एखाद्या साध्या लॉजवर मुक्काम करा. लॉजचे पैसे धरूनही चार पासांपेक्षा कमीच लागतील. मग वर्षभर तो विषय बंद. लेकीची परीक्षा पुढच्या मार्चमध्ये संपली की तिला जूनपर्यंत रान मोकळं, धाकटाही तोवर रेघेजवळ आलेला असेल. पास काढायचं वर्ष ते.

तेव्हाही तारीख नीट निवडा. पासाचं वर्ष काढल्या दिवसापासून मोजतात की पहिल्यांदा आत गेल्यापासून, हे विचारून घ्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केलात तर या मेचा मोठा तुकडा आणि पुढच्या मेचा पहिला तुकडा असे दोन्ही हाताला लागतात. मार्चला सुरू करून मार्चला संपवण्यात काय हशील?

मुलांना कसं सांगायचं, हा तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. मी सरळ आकडे दाखवले. मला वाटलं होतं रडारड होईल. मोठा म्हणाला, मला तर दर वेळी गाडीत उलटी येते, तुम्ही विचारलंच नाही कधी. आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता म्हणा. एस्सेलवर्ल्ड हे पार्क १९८९ पासून होतं, पण ते मुंबईत गोराईला, खाडीपलीकडं. शाळेची सहल एसटीच्या लाल डब्यातून रात्रभर प्रवास करून गेली होती, पुढं बोट. आयुष्यात एकदाच गेले आणि अजून सगळं आठवतं. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं आणि साताऱ्याच्या पोरांना ते एकदम 'जवळ' वाटायला लागलं. जवळ आहेच, पण गोराईच्या मानानं.

एवढं सगळं सांगूनही घरात पासच ठरला, तर निदान चौघांचे काढू नका. तुमच्या चकरा नेमक्या कोणाच्या हौसेनं झाल्या ते आठवा. आमच्यात पाचातल्या तीन चकरा नवऱ्याच्या हौसेच्या होत्या आणि नाव मुलांचं. तुमच्याकडंही तसं असेल तर ज्याची हौस त्याच्या एकट्याचा पास काढा आणि बाकीच्यांची जेव्हा जाल तेव्हाची तिकिटं. सवलतीची शेवटची तारीख तुम्ही लिहिली नाहीत. चार-आठ दिवस हातात असतील तर आज संध्याकाळी धाकट्याला चौकटीला टेकवून उभा करा, चप्पल काढून, आणि आकडा इथं खाली टाका. १३७-१३८ च्या वर निघाला तर मी वर लिहिलेल्यातलं थोडं मागं घेईन.