कुत्रीच्या एकाच वेताची दोन पिल्लं: एक रोह्यामागे (नीलगाईमागे) सुटतं, दुसरं धुऱ्यावर पडून राहतं. असं का?

मायबाप एक असले तरी पिल्लांना गुण सारखे मिळत नाहीत, म्हणून. तुमच्या आळशी कुत्र्यात खोट नाही. कुत्र्यात गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक बापाकडून, पण कोणतं येईल हे नशिबावर. त्यातही शिकार हा एकच गुण नाही. वास काढणं, दबा धरणं, पाठलाग, धरणं, मारणं हे वेगवेगळे टप्पे आहेत आणि प्रत्येकाचा जोर कमीजास्त असतो. म्हणून एखादं कुत्रं कोसभर पळतं, पण जनावर थांबलं की नुसतं भुंकत उभं राहतं. बाप एकच, ही खात्री तरी आहे का? गावात मोकळी फिरणारी कुत्री एकाच माजात दोन नरांकडूनही गाभण राहते. जातीवर तर फार भिस्त ठेवूच नका: 2022 साली अमेरिकेतल्या हजारो कुत्र्यांच्या अभ्यासात स्वभावातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे दिसला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू कुठं वाढलं, वाड्यात की जागलीच्या मचाणाखाली, याचाही असर राहतो. मात्र वर्ष-दीड वर्षाच्या आत कुत्र्याला नावं ठेवू नका, काहींची ओढ उशिरा जागी होते. आणि ती जागी झाली म्हणून सशा-रोह्यावर सोडू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तसं सोडणंही शिकारच ठरतं. राखणीला भुंकणारं कुत्रं पुरे.