.३०१ मोठे की .४०१? आधी साल सांगा

तुम्ही विचारलंय की बेसबॉलपटू कार्ल यास्ट्रझेम्स्कीची कारकिर्दीची बॅटिंग सरासरी (हिट्स, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं, भागिले बॅटिंगच्या संधी; त्यात वॉक धरत नाहीत) जेमतेम .२८५, मग तो हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) कसा, आणि लीगच्या सरासरीशी ताडून बघतात म्हणजे नेमकं काय करतात? मी बॉस्टनजवळ राहतो, इथे त्याला नुसतं 'याझ' म्हणतात. तेव्हा थोडा पक्षपात धरूनच वाचा.

मीसुद्धा सुरुवातीला क्रिकेटच्या सवयीने फक्त सरासरीचा रकाना बघायचो. १९६८ पाशी अडकलो. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये (अव्वल बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल) याझ सरासरीत .३०१ वर पहिला. पहिला! आणि १९३० मध्ये नॅशनल लीगमध्ये बिल टेरीचे .४०१. म्हटलं, टेरीपुढे हा किस झाड की पत्ती. मग लीगचे आकडे काढले. १९३० ला अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती, तीही पिचर (चेंडू टाकणारे, बॅटिंगला सहसा कच्चे) लोकांची बॅटिंग धरून. १९६८ ला अमेरिकन लीगची होती .२३०. आता भागाकार करा: .४०१ भागिले .३०३ म्हणजे १.३२. .३०१ भागिले .२३० म्हणजे १.३१. शंभर पॉइंटांची दरी गायब. १९६८ ला पिचरांनी इतका धुमाकूळ घातला होता (बॉब गिब्सनचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, १.१२!) की पुढच्याच मोसमात माउंडची (पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची) उंची १५ इंचांवरून १० वर आणली.

कारकिर्दीसाठी हेच वर्षावर्षाने करायचं. याझ १९६१ ते १९८३ खेळला. त्या प्रत्येक वर्षी लीगची सरासरी किती होती ते घ्यायचं आणि ज्या वर्षी तो जास्त वेळा बॅटिंगला आला त्या वर्षाला तेवढं जास्त वजन द्यायचं. त्याचे .२८५ आजच्या एखाद्या वर्षाशेजारी ठेवले की गडबड होणारच. अजून एक खाच: १९७३ पासून अमेरिकन लीगमध्ये पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा डेझिग्नेटेड हिटर आला, त्यामुळे लीगची सरासरी आपसूक वर सरकली. आधीच्या वर्षांतून पिचर वगळले नाहीत तर तुलना फसते.

पण नुसत्या बॅटिंग सरासरीत वॉक (चार वाईट चेंडू पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) कुठेच दिसत नाही, आणि याझने तब्बल १,८४५ वॉक काढलेत. म्हणून लोक ओपीएस प्लस बघतात. ओपीएस म्हणजे ऑन-बेस (किती प्रमाणात बेसवर पोचला) अधिक स्लगिंग (दर संधीला हिट्सवर किती बेस मिळवले); 'प्लस' म्हणजे ते लीगशी ताडून. समजा लीगचं ऑन-बेस .३२०, स्लगिंग .४००, खेळाडूचं .३६० आणि .४५०. दोन्ही भागाकार १.१२५ येतात. बेरीज २.२५, त्यातून १ वजा, गुणिले १००: १२५. वर मैदानाचा हिशेब, कारण बॉस्टनचं फेनवे फलंदाजाला धार्जिणं, डेनव्हरच्या विरळ हवेतलं कूर्स फील्ड तर फारच. लीगचा साधारण फलंदाज म्हणजे १००. याझ १३०. तेही २३ मोसम, ३,४१९ हिट्स काढून. मात्र १३० म्हणजे 'ओपीएस तीस टक्के जास्त' असं वाचू नका. वरचंच उदाहरण बघा, दोन्ही आकडे साडेबारा टक्क्यांनीच जास्त होते, उत्तर आलं १२५. ही चूक मी स्वतः बरीच वर्षं केली.

आणि हा आकडा हातात आला म्हणून लगेच निकाल देऊ नका. इचिरो सुझुकीची सरासरी .३११, ओपीएस प्लस १०७. ॲडम डनची सरासरी .२३७, पण ४६२ होम रन आणि भरपूर वॉक, म्हणून ओपीएस प्लस १२४. बॅट हातात असताना डन सरस, हे मला पटतं. पण इचिरोने चोरलेले (हिटची वाट न बघता पळून गाठलेले) ५०९ बेस आणि उजव्या कोपऱ्यातून थेट थर्ड बेसवर येणारा त्याचा थ्रो या आकड्यात नाहीतच. हॉल ऑफ फेमच्या मतदानात २०२५ ला इचिरो निवडून आला, सगळीच मतं मिळायला फक्त एक कमी पडलं. २०२० ला डनला एक मिळालं होतं.